मंद विस्तवावरची बरगडी

प्रस्तावना

डुकराची बरगडी घरच्या घरी धुरावर कशी शिजवावी, यावर मराठीत पुस्तक काढायचं म्हटलं की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, ‘हे आपलं खाणं आहे का?’ आणि दुसरा, ‘एवढा वेळ कुणाला आहे?’ दुसऱ्याचं उत्तर पुढच्या प्रकरणांत आहे. पहिल्याचं मात्र आत्ताच द्यायला हवं, नाहीतर बरेच जण इथूनच पान मिटतील.

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी आणि सीमेपलीकडचे कागल, गडहिंग्लज, चंदगड हा सगळा मुलूख मटणाचा. रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढं रांग लागते, कोण किती घेतंय हे चारचौघांत बोललं जातं, रस्सा तांबडा की पांढरा यावर वाद होतात. डुकराच्या मटणाच्या वाट्याला यातलं काही येत नाही. ते काळ्या पिशवीत घरी येतं, वेगळ्या भांड्यात शिजतं, बऱ्याचदा घराच्या मागच्या बाजूला. खाणारे सगळ्या जातींत आहेत. आपण खातो असं सांगणारे थोडे. एखाद्या पदार्थाबद्दल बोलणंच बंद झालं की त्याची कृती पुढं जात नाही. चांगलं मटण कसं ओळखायचं, कुठला भाग कशाला घ्यायचा, किती शिजवायचं, हे मटणाच्या बाबतीत आपल्याला आईकडून किंवा काकीकडून आपसूक मिळतं. डुकराच्या बाबतीत ज्यानं त्यानं आपापलं शोधायचं, अशी गत आहे.

हा आडपडदा वाटतो तितका जुना आणि सरसकट नाही. मनुस्मृतीनं द्विजांना वर्ज्य ठरवलं ते गावातलं डुक्कर, आणि तेही लसूण, कांदा, अळिंबी आणि गावकोंबडा यांच्या पंगतीला बसवून. त्याच ग्रंथात श्राद्धाला वराहाचं मांस दिलं तर पितर दहा महिने तृप्त राहतात, असंही सांगितलं आहे. कांदा-लसणाशिवाय आज आपली चूल पेटत नाही; त्या यादीतलं डुक्कर तेवढं आपण लक्षात ठेवलं. चालुक्यांच्या राजमुद्रेवर वराह होता आणि विजयनगरच्या सोन्याच्या नाण्याचं नावही वराह. खानापूर तालुक्यातल्या हलशीला कदंबांच्या काळातलं भूवराह-नरसिंहाचं देऊळ आजही उभं आहे. आपल्याच जिल्ह्यात वराहाला हात जोडायचे आणि बाजारात त्याच्या नावानं नाक मुरडायचं, हे दोन्ही एकाच दिवशी करणारी माणसं आपण.

खाण्याचा लेखी पुरावा हवा असेल तर तोही याच पट्ट्यातला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यातल्या अन्नाच्या भागात डुक्कर कसं साफ करावं हे तपशिलानं दिलं आहे. अंगावर पांढरं कापड घालून कढत पाणी ओतावं म्हणजे केस सुटतात, किंवा गवताच्या जाळावर केस जाळून काढावेत; मग धुऊन विस्तवावर भाजावं आणि तुकडे करावेत. नऊशे वर्षांपूर्वीच्या राजाच्या मुदपाकखान्यातली ही रीत. आज कुठल्याही गावाबाहेरच्या वस्तीवर डुक्कर कापताना बघा. कढत पाणी आणि गवताचा जाळ या दोनच युक्त्या तिथं अजून वापरात आहेत.

ती रीत राजवाड्यानं टिकवली नाही. टिकवली ती वडार, कैकाडी, मांग या समाजांनी. डुक्कर पाळणं, कापणं, चरबी कढवून ठेवणं, वाटे घालणं हे त्यांच्याकडचं रोजचं ज्ञान. कातडी जाळावर धरली की केस जळतात, वरची साल किंचित करपते आणि त्या करपण्याचा वास आतल्या चरबीत उतरतो. पुढं फक्त मीठ, तिखट, लसूण घालून रस्सा केला तरी त्याला धुराची चव असते. शहरातला हौशी माणूस ज्या चवीसाठी परदेशी यंत्राची चौकशी करतो, ती चव गावकुसाबाहेर कधीपासूनची आहे. मराठी स्वयंपाकाच्या पुस्तकांनी तिकडं ढुंकून पाहिलं नाही. २०१५ साली शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ आलं, तेव्हा मराठवाड्यातल्या दलितांचं खाणं प्रथमच एवढ्या विस्तारानं आणि कसलाही आडपडदा न ठेवता मराठीत छापलं गेलं. सीमाभागातल्या वस्त्यांवरचं खाणं असं कुणीतरी बसून लिहायला हवं. हे पुस्तक ते काम करत नाही. त्याचा आवाका बरगडीपुरता आहे. पण हे ज्ञान कुणाचं, हे पहिल्याच पानांवर नोंदवल्याशिवाय पुढं जाणं बरं नव्हे.

दुसरी वाट गोव्याहून आली. १५१० मध्ये पोर्तुगीज गोव्यात स्थिरावले. त्यांच्यामुळं मिरची आली, मांस शिर्क्यात मुरवायची पद्धत आली, आणि या दोहोंतून विंदालू, सोरपोतेल आणि चोरीस उभे राहिले. बेळगाव हे गोव्याचं घाटमाथ्यावरचं कोठार. भाजी, दूध, अंडी, कोंबड्या चोर्ला घाटानं खाली जातात. येताना माणसं, नाती आणि चवी वर येतात. बेळगावच्या कॅम्प भागातल्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या आधी सोरपोतेल शिजतं आणि दोन-तीन दिवस मुरून मगच ताटात येतं. १९५३ मध्ये बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. ही वस्ती त्याच्या कितीतरी आधीची.

गोव्याच्या चोरीसकडं जरा नीट बघण्यासारखं आहे. मांसाचे बारीक तुकडे मिठात घालून पाणी सोडवायचं, मग माडाच्या शिर्क्यात वाटलेल्या मिरची-लसणाच्या मसाल्यात मुरवायचे, आतड्यात भरायचे, उन्हात वाळवायचे आणि चुलीवरच्या धुरात टांगायचे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात त्याच्या लालभडक माळा दिसतात. मीठ, आंबट, ऊन, धूर या चार पहाऱ्यांतून गेलेलं हे मांस पावसाळाभर टिकतं. तिकडं दक्षिणेला कोडगूतही चुलीवर टांगून मांस धुरवायची जुनी चाल आहे आणि ईशान्येकडं नागांच्या घरात तर चुलीवरचा माच मांसाशिवाय नसतो. या सगळ्यांचा हेतू एकच: कापलेलं जनावर वाया जाऊ नये.

आपल्या पुस्तकातला हेतू वेगळा आहे आणि ही रेघ सुरुवातीलाच मारून घेतलेली बरी. धुराचे दोन प्रकार. पहिल्यात धूर थंड असतो, मांस शिजत नाही, ते वाळतं आणि टिकतं. त्यासाठी मिठाचं प्रमाण, क्युअरिंगची नायट्राइटयुक्त मिठं, हवेतला दमटपणा हे सगळं काटेकोर सांभाळावं लागतं. चूक झाली तर बोटुलिझमसारखी जीवघेणी विषबाधा होऊ शकते. तो नाद घरच्या गच्चीवर करू नये. दुसऱ्यात धूर गरम असतो. मांस त्याच उष्णतेवर तासन्‌तास शिजतं आणि त्याच दिवशी खाऊन संपतं. हे पुस्तक फक्त या दुसऱ्या प्रकाराचं आहे. आपला धुंगार या दोहोंत बसत नाही. पेटता निखारा वाटीत ठेवून वर तूप सोडलं आणि झाकण लावलं की पाच मिनिटांत वास लागतो. पण तो शिजलेल्या पदार्थाला वरून दिलेला वास. बरगडीत धूर आणि शिजणं ही एकच क्रिया असते.

गरम धुरावरच्या बरगडीचा आजचा बोलबाला अमेरिकेमुळं झाला. मेम्फिसला कोरडा मसाला चोळून, कॅन्सस सिटीला टोमॅटो-काकवीच्या दाट सॉसात, असे तिथले पंथ आहेत. तिथंही रात्ररात्र विस्तवापाशी बसून हे तंत्र घडवणारे हात मोठ्या प्रमाणावर गुलाम केलेल्या कृष्णवर्णीयांचे होते. नाव आणि पैसा पुढं दुसऱ्यांना मिळाला. त्या लोकांचं तंत्र घ्यावं, नक्कल करू नये. तिकडचं हिकरीचं लाकूड इथं मिळत नाही आणि ते मागवायची गरजही नाही.

कारण लागणारं सगळं आपल्या पन्नास कोसांत आहे. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. संकेश्वर तर निपाणीच्या शेजारचंच. गोडव्याला गूळ, कागल-निपाणी पट्ट्यातल्या गुऱ्हाळांचा. आंबटाला गोव्याचं माडाचं शिर्कं, नाहीतर खानापूर-चंदगडकडचं आमसूल भिजवून. घरची कांदा-लसूण चटणी मात्र सुरुवातीला चोळू नये. तिच्यात खोबरं, तीळ आणि तेल असतं. पाच तासांच्या धगीत ते खवट होतं. ती शेवटच्या अर्ध्या तासात, शिर्क्यात कालवून लावावी.

विस्तव कसा राखायचा हे कळणारी माणसंही आपल्याकडंच आहेत. गुऱ्हाळावर गुळव्याचं नाव होतं, पण चुलवणात चिपाड घालणारा माणूस चुकला तर गुळव्याच्या हातात काही उरत नाही. काहिलीतल्या रसाला कधी भडका हवा, कधी नुसती धग, हे तो भट्टीच्या तोंडाशी बसून आवाजावरून ओळखतो. बरगडी धुरवताना तुम्हाला नेमकं त्याच्या जागी बसायचं आहे.

निपाणीचं नाव निघालं की धूर आठवतो तो विडीचा. ज्या तंबाखूच्या भावासाठी १९८१ मध्ये इथल्या शेतकऱ्यांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर महामार्ग अडवला आणि गोळीबारात माणसं गमावली, तो तंबाखू मात्र धुरावर वाळत नाही. तो उन्हावर आणि दवावर तयार होतो. कापलेली झाडं रानात पसरतात. दिवसा ऊन खातात, पहाटे दवानं मऊ पडतात, आणि त्या मऊपणातच ती हलवायची असतात, नाहीतर पानाचा चुरा होतो. पान हातात घेऊन त्यात किती ओल आहे हे सांगणारी जुनी माणसं वखारींतून आजही भेटतील. ओल कधी राखायची, कधी जाऊ द्यायची, ही जाण बरगडीलाही लागते. तंबाखूची धसकटं मात्र कितीही हाताशी असली तरी या विस्तवात घालू नयेत. निकोटिन हे विष आहे आणि धुरातून ते मांसावर बसतं.

आता खुद्द धुराकडं. लाकूड तापलं की आधी त्यातलं पाणी जातं. साधारण दोनशे अंशांपुढं त्यातले हेमिसेल्युलोज आणि सेल्युलोज फुटतात आणि गोडसर, करपलेल्या साखरेकडं झुकणारे वास देतात. तीनशेच्या पुढं लिग्निन फुटतं आणि ग्वायकॉल, सिरिंगॉल ही संयुगं सुटतात. आपण ज्याला ‘धुराचा वास’ म्हणतो, तो मुख्यतः यांचाच. लाकूड ओलं असलं किंवा हवा कोंडली तर हे जळणं अर्धवट राहतं. पांढरा, दाट, डोळ्यांत झोंबणारा धूर येतो आणि मांसावर काळपट, कडू थर बसतो. चांगला धूर जेमतेम दिसतो. निळसर, विरळ, अंगणाच्या पलीकडं गेला की नाहीसा होणारा. नवशिक्याला वाटतं धूर दिसत नाही म्हणजे काम थांबलं, आणि तो आणखी लाकूड कोंबतो. इथंच बहुतेकांची बरगडी कडू होते.

धूर ओल्या आणि गार पृष्ठभागावर जास्त धरतो. म्हणून पहिले दोन तास महत्त्वाचे. नंतर वरचा थर वाळला की कितीही धूर केला तरी फारसा लागत नाही. कापल्यावर कडेला जी गुलाबी रेघ दिसते ती धुरातल्या नायट्रिक ऑक्साइडची आणि मांसातल्या मायोग्लोबिनची करामत. दिसायला देखणी, पण तिला चव नाही आणि ती कच्चेपणाची खूणही नव्हे.

लाकूड पेरूचं, जांभळाचं, आंब्याचं किंवा बाभळीचं घ्यावं. साल काढलेलं, वर्षभर वाळलेलं, मुठीएवढ्या तुकड्यांचं. मुख्य धग कोळशाची, लाकूड फक्त वासापुरतं. पाच तासांच्या कामाला असे चार-पाच तुकडे पुरतात. पेटवायला उसाचं चिपाड उत्तम. रॉकेलचा थेंबही नको, त्याचा वास शेवटपर्यंत जात नाही. काही गोष्टी मात्र जाळू नयेत: निलगिरीचं तेल मांसात उतरतं, कडुलिंबाचा धूर कडू, कण्हेर विषारी, काजूच्या टरफलातलं तेल कातडी भाजणारं, शेराचा चीक घातक. रंग दिलेलं फर्निचर, प्लायवूड आणि खोक्यांच्या फळ्या यांचा तर विचारही करू नये.

बरगडी मिळवणं हीच खरी अडचण आहे. आपल्याकडं डुकराचं मटण कातडीसकट, चरबीसकट, सगळे भाग मिसळून, ओंडक्यावर सत्तूरनं बारीक तोडून देण्याची पद्धत आहे. रश्शाला ते ठीक. धुराला अख्खा पट्टा लागतो. म्हणून आदल्या दिवशी जाऊन सांगून यावं: ‘अण्णा, उद्या बरगडीला सत्तूर लावू नका, पत्रा अख्खा राहू दे. कातडं काढा, वर बोटभर चरबी ठेवा.’ पहिल्यांदा तो तुमच्याकडं बघत राहील. दुसऱ्या खेपेला तोच विचारील, ‘तुमचा पत्रा ठेवू का बाजूला?’ गावठी काळ्या डुकराची बरगडी लहान आणि बारीक मांसाची असते. फार्मवरच्या यॉर्कशायर किंवा लँडरेस जातीच्या ऐंशी-नव्वद किलोच्या जनावराचा पट्टा एक ते दीड किलो भरतो. त्यातही पाठीकडच्या बरगड्या आखूड, वळलेल्या, कमी चरबीच्या, आणि पोटाकडच्या लांब, सपाट, जास्त चरबीच्या. धुराला पोटाकडच्या बऱ्या. चरबीमुळं पाच तासांच्या धगीत त्या कोरड्या पडत नाहीत.

पट्टा उलटा करून पाहा. हाडांच्या आतल्या अंगाला पांढरट, चिवट पडदा असतो. चमच्याच्या दांड्यानं एका टोकाला तो उचकटायचा, कोरड्या फडक्यात धरायचा आणि एका दमात ओढायचा. सवय झाली की अख्खा निघतो. तो राहिला तर मीठ-मसाला त्या बाजूनं आत जात नाही आणि खाताना दातात चामड्यागत अडकतो. मग किलोला १५ ग्रॅम मीठ, २० ग्रॅम गुळाची पूड, १५ ग्रॅम ब्याडगीचं तिखट, ५ ग्रॅम संकेश्वरी, ५ ग्रॅम मिरपूड आणि वाटलेला लसूण शिर्क्यात कालवून चोळायचा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं. या प्रमाणात बदल करायला पूर्ण मुभा आहे, मीठ सोडून.

बरगडी म्हणजे चिवट स्नायू आणि त्यांना बांधून ठेवणारं कोलॅजन. मोठ्या आचेवर स्नायू आखडतात, पाणी पिळून निघतं आणि कोलॅजन तसंच राहतं. सत्तर अंशांच्या पुढं, वेळ मिळाला तर, कोलॅजन हळूहळू विरघळून जिलेटिन होतं आणि तेच मांसाला मऊ, ओलसर ठेवतं. म्हणून भांड्यातली हवा ११० ते १२० अंशांवर धरायची आणि मांस आतून ९० ते ९५ अंशांपर्यंत सावकाश न्यायचं. मध्ये एक टप्पा येतो. मांस पासष्ट-सत्तर अंशांवर पोचतं आणि तास-दीड तास काटा हलतच नाही. वरून बाष्प उडतंय, त्यानं मांस गार होतंय, एवढंच घडत असतं. इथं घाबरून विस्तव वाढवणारा माणूस पुढच्या अर्ध्या तासात सगळं करपवतो. बसून राहावं, किंवा पट्टा केळीच्या पानात आणि वर फॉइलमध्ये गुंडाळून परत ठेवावा. बाष्प कोंडलं की काटा पुन्हा चालू लागतो.

यंत्राची गरज नाही. कुंभाराकडचा मोठा रांजण घ्या, बुडाशी वीतभर भोक पाडून घ्या, तळाला कोळशाची शेगडी, त्यावर पाण्याची पसरट परात, वर लोखंडी जाळी आणि तोंडावर झाकण. बुडाच्या भोकाला वीट लावायची. ती सरकवली की हवा जाते आणि धग वाढते, ओढली की कमी होते. सगळं नियंत्रण त्या एका विटेत आहे. परातीतलं पाणी दोन कामं करतं: धग सम ठेवतं आणि चरबी निखाऱ्यावर पडू देत नाही. जुन्या लोखंडी पिंपाचाही असाच उपयोग होतो, फक्त त्यात आधी काय होतं ते माहीत हवं. रसायनांचं पिंप कितीही धुतलं तरी नको. खर्च करायचाच तर तो थर्मामीटरवर करावा. एक हवेसाठी, एक मांसात खुपसायला. हाताला लागणारी धग आणि प्रत्यक्ष तापमान यांत बरंच अंतर पडतं.

आता जपायच्या गोष्टी. डुकराच्या मटणाबद्दलची सगळ्यात मोठी भीती जंतांची. ती निराधार नाही, पण अर्धवट समजुतीवर उभी आहे. मोकाट, घाणीत चरणाऱ्या डुकराच्या मांसात पट्टकृमीच्या गाठी असू शकतात. तांदळाच्या दाण्याएवढ्या, पांढरट. असं मांस कच्चं राहिलं तर खाणाऱ्याच्या आतड्यात कृमी होतो. मेंदूत गाठी होण्याचा जो आजार आहे, तो त्या कृमीची अंडी पोटात गेल्यानं होतो, आणि ती अंडी दूषित पाण्यातून किंवा न धुतलेल्या भाजीतूनही येतात, म्हणजे डुकराला न शिवणाऱ्यालाही. उपाय सरळ आहे: बंदिस्त पाळलेलं जनावर, ओळखीचा दुकानदार, आणि पूर्ण शिजवणं. नव्वद अंशांवर गेलेल्या बरगडीत यातलं काही जिवंत राहत नाही.

दुसरी गोष्ट धुराचीच. चरबी निखाऱ्यावर पडून जो धूर उठतो, त्यात बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्यं असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये धुरवलेलं, खारवलेलं असं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं. म्हणून परातीचं पाणी महत्त्वाचं, विरळ धूर महत्त्वाचा, आणि हे खाणं सणावाराचं ठेवणं त्याहून महत्त्वाचं. दर रविवारी करायचा हा पदार्थ नव्हे.

तिसरी कायद्याची. खानापूर, चंदगड, आजरा भागात रानडुकराच्या मटणाच्या गोष्टी अजून चवीनं सांगितल्या जातात. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज घोड्यावरून भाल्यानं रानडुकराची शिकार करण्यात तरबेज होते, हेही खरं. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते दिवस संपले. कुणी ‘रानातलं आणून देतो’ म्हणालं तर हात जोडून नाही म्हणावं. या पुस्तकातली एकही कृती रानडुकरासाठी नाही.

आणि चौथी शेजाऱ्यांची. अपार्टमेंटच्या गॅलरीत हे करू नये. धुराचा त्रास खरा असतो, आणि कशाचा धूर आहे हे कळल्यावर होणारी कुजबुजही खरी असते. मोकळं अंगण, मळा, मित्राचं शेत अशी जागा बघावी. शाकाहारी किंवा मुसलमान शेजाऱ्याला आधी सांगावं. त्याला न कळवता करण्यात शौर्य नाही. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर आहे, पावसाळा लांबतो, लाकूड ओलं राहतं. म्हणून दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचा काळ या कामाला उत्तम.

पुस्तकाची मांडणी सोपी आहे. पहिल्या भागात जनावर, भाग आणि खरेदी. दुसऱ्यात विस्तव, कोळसा, लाकूड. तिसऱ्यात रांजण आणि पिंप तयार करणं. चौथ्यात पाच कृती, त्यांतली एक गोव्याच्या वळणाची, एक वडार वस्तीवरच्या रीतीवर बेतलेली आणि एक गूळ-संकेश्वरीची. शेवटच्या भागात बरगडीबरोबर काय खावं ते: जोंधळ्याची भाकरी, कच्चा कांदा, दह्यातली हिरव्या मिरचीची चटणी. पाव चालतो, पण धुराच्या मांसाला भाकरीची कोरड जास्त मानवते.

सगळ्या कृती वाचून मग सुरुवात करायची गरज नाही. तिसरा भाग वाचा, रांजण मांडा आणि पहिल्या वेळी मांस न घालता तीन तास नुसती ११० अंशांची धग धरून दाखवा. काटा वर गेला की वीट ओढा, खाली आला की सरकवा. ज्याला रिकामा रांजण सांभाळता आला, त्याची बरगडी बिघडायचं फारसं कारण उरत नाही. आणि पट्टा जमला की तो मागच्या दारानं आत नेऊ नका. बोलावलेल्यांना काय आहे ते सांगून वाढा. ज्याला खायचं नाही त्याच्यासाठी वांग्याचं भरीत वेगळ्या चुलीवर आधीच करून ठेवा. या मुलखात दोन भाषा आणि सतरा जाती एका बाजारात व्यवहार करतात. एका अंगणात दोन चुली मांडणं त्यामानानं सोपं आहे.